नाटकातली नदी आणि नळातले पाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला जो विषय दिला, तो ऐकून आपल्यापैकी काहीजणी मनात म्हणाल्या असतील, की विद्यापीठाच्या नाट्यविभागाने पर्यावरणावर नवे नाटक बसवले, तर त्याचे आपल्या मंडळाला काय? ती मुले शिकतात, तालमी करतात, परीक्षा देतात. आपण आपले हळदीकुंकू करावे, भिशी चालवावी, वर्षातून एकदा सहल काढावी. शंका रास्त आहे. तिचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

प्रथम हे नाट्यविभाग म्हणजे काय ते पाहू. नाटक हे घरातून पळून जाऊन शिकण्याची गोष्ट आहे, असे आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी मानीत. आज ते रीतसर पदवीचे शिक्षण आहे. पुणे विद्यापीठात 1987 साली ललित कला केंद्र निघाले आणि पुढे सतीश आळेकरांसारख्या नाटककाराने कित्येक वर्षे ते सांभाळले. मुंबई विद्यापीठात 2003 साली नाट्यकलेची अकादमी सुरू झाली. तिची घडी वामन केंद्रे यांनी बसवली, आणि पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीची मुलेमुली लोकलने जाऊन ज्या विद्यापीठात शिकतात, त्याच विद्यापीठाचा हा विभाग. म्हणजे तो काही परका नव्हे.

आता अशा विभागाने पर्यावरणाचे नाटक करावे, याला एक व्यावहारिक कारण आहे. धंद्याच्या रंगभूमीला तिकीटविक्री पाहावी लागते. दौऱ्याचा खर्च वाढला, म्हणून नाटके तीन-चार पात्रांची आणि एका दिवाणखान्याची झाली. नदी, जंगल, गावचा जमाव या गोष्टी दिवाणखान्यात मावत नाहीत. विद्यापीठाच्या वर्गात मात्र वीसएक मुले असतात आणि प्रत्येकाला काम द्यावेच लागते. तिथे गर्दी करता येते, वीस अंगांची एक नदीही करता येते. तालमीला वेळ असतो. शिवाय शेजारच्याच इमारतीत रसायनशास्त्राचे आणि भूगोलाचे प्राध्यापक बसलेले असतात. पाण्यात काय मिसळले म्हणजे मासे मरतात, हे त्यांना जाऊन विचारता येते. गल्ला भरला नाही तरी नाटक पडत नाही.

निसर्ग आपल्या रंगभूमीला नवा नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली 'शाकुंतल' मराठीत आणले आणि संगीत नाटकाची परंपरा उभी राहिली. त्या नाटकातली नायिका आश्रमातल्या झाडांना पाणी घातल्याखेरीज स्वतः पीत नाही, आणि ती सासरी निघते तेव्हा झाडेवेली तिला निरोप देतात. पण तिथे निसर्ग माहेरासारखा आहे. तो कोणी नासवील अशी भीती कालिदासाला नव्हती. ती भीती रंगमंचावर आली ती यंत्रयुगाबरोबर. रवींद्रनाथांनी 1922 साली 'मुक्तधारा' लिहिले. त्यात एक राजा प्रजेला वठणीवर आणण्यासाठी यंत्राने धबधबा अडवतो, आणि राजपुत्र प्राण देऊन तो बांध फोडतो. त्याच सुमारास, 1921 पासून, आपल्या मुळशीला धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मावळ्यांचा सत्याग्रह चालू होता, आणि त्यात बायाही होत्या. म्हणजे हा विषय काही परदेशातून आलेली आजची टूम नव्हे.

तरीही, भगिनींनो, या जातीची पुष्कळ नाटके फसतात, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. हिरवे कपडे घातलेले झाड येते आणि रडते. मग एक दुष्ट कारखानदार येतो, गडगडाटी हसतो. शेवटी सगळी मुले फलक घेऊन ओळीत उभी राहतात आणि आपल्याला 'झाडे लावा' म्हणून सांगतात. आपण टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन नळ सोडतो. कोणाच्याच मनाला टोचणी लागत नाही, कारण तो दुष्ट कारखानदार आपल्या ओळखीचा नसतो.

खरे नाटक कसे असते, त्याचा नमुना इब्सेनने 1882 साली घालून दिला. नॉर्वेच्या या नाटककाराच्या त्या नाटकाचे नाव 'जनशत्रू' असे मराठीत करता येईल. एका छोट्या गावात औषधी पाण्याची स्नानगृहे आहेत. दुरून रोगी येतात आणि त्यांच्यावर गाव जगते. तिथला डॉक्टर पाणी तपासून घेतो, तर वरच्या अंगाच्या चामड्याच्या कारखान्यांमुळे ते दूषित झालेले. त्याला वाटते, गाव आपले उपकार मानील. पण दुरुस्तीसाठी स्नानगृहे दोन वर्षे बंद ठेवावी लागणार, कर वाढणार, घरभाडे बुडणार. गावचा नगराध्यक्ष म्हणजे डॉक्टरचा सख्खा भाऊ, तोच विरोधात जातो. वर्तमानपत्र आधी बाजू घेते, मग उलटते. शेवटी भर सभेत गाव त्याला जनशत्रू ठरवते आणि त्याच्या घरावर दगड पडतात.

यातली गंमत पाहा. पाणी घाण करणाऱ्या कारखान्यांपैकी एक डॉक्टरच्याच बायकोच्या मानलेल्या बापाचा आहे! त्या बायकोकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधते. सुरुवातीला ती नवऱ्याला म्हणते, मुलांचा विचार करा, नोकरी गेली तर खायचे काय? ती भित्री नाही. पगार थांबला तर डबे कसे रिकामे होतात, हे तिलाच ठाऊक आहे. आणि नवऱ्याला सगळ्यांनी घेरलेले दिसते, तेव्हा तीच त्याच्या बाजूने उभी राहते. मुलगी शाळेत शिक्षिका, तिचीही नोकरी जाते. पाण्याचा प्रश्न स्वैपाकघरापर्यंत येतो तो असा.

सत्यजित राय यांनी 1989 साली याच कथेवर 'गणशत्रु' हा चित्रपट केला, तेव्हा त्यांनी स्नानगृहे काढून टाकली आणि त्या जागी देवळातले तीर्थ ठेवले. बंगालमधल्या गावात कावीळ पसरते आणि डॉक्टरला कळते की, भाविक जे तीर्थ श्रद्धेने पितात तेच दूषित आहे. नाटक आपल्या मातीत आणायचे म्हणजे काय, हे यावरून शिकावे. आपली माणसे कशासाठी जीव टाकतात ते ओळखावे आणि घाण नेमकी तिथे दाखवावी.

मग आपल्या इथले नाटक कोणते होईल? नेपथ्य तर तयारच आहे. सह्याद्रीत उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूरवरून कल्याणला येते आणि पुढे वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. याच नदीचे पाणी आपण पितो, आणि याच नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला आपण पाहिला आहे. जलपर्णी माजते ती सांडपाण्यातल्या खतावर. म्हणजे ती आपल्याच मोऱ्यांतून पोसली जाते. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी कारखान्यांच्या पाण्याने रंग बदलती झाली. डोंबिवलीत 2014 च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला आणि 2020 च्या फेब्रुवारीत औद्योगिक भागातला रस्ता गुलाबी झाला. कुठल्या नाटककाराने हे लिहिले असते, तर आपण अतिशयोक्ती म्हणून हसलो असतो! 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या दिवशी झालेल्या स्फोटांची आठवण मी करून द्यायला नकोच. दोन्ही वेळा भर दिवसा दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या आणि कामावर गेलेली माणसे परत आली नाहीत. 27 जुलै 2019 ला उल्हासच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडवून ठेवली आणि हजारावर प्रवाशांना सोडवून आणावे लागले.

आणि नदी केवळ दुःखाचीच गोष्ट सांगते असेही नाही. ठाण्याच्या खाडीत आजही रोहित पक्षी उतरतात. तिथे 2015 साली अभयारण्य झाले आणि 2022 साली ती रामसर यादीत गेली. जे वाचवता येते ते दाखवले नाही, तर प्रेक्षक नुसता हताश होऊन घरी जाईल.

आता मी नाजूक गोष्टीवर येते. आपल्याच आळीतल्या कितीतरी घरांचा चरितार्थ त्या कारखान्यांवर चालतो. कोणाचा नवरा पाळीला जातो, कोणाच्या मुलाला तिथेच पहिली नोकरी लागली, कोणी डबे पोचवून संसार चालवते. 'कारखाने हटवा' असे नाटकात ओरडणे सोपे आहे. पण प्रेक्षकांत बसलेल्या त्या बाईने काय करावे? तिने मान खाली घालावी काय? जे नाटक तिला गुन्हेगार ठरवील ते खोटे. स्फोटात पहिला बळी तिच्या घरातला जातो आणि दूषित पाणी तिच्याही हंड्यात येते, म्हणून नाटक तिच्या तोंडून बोलले पाहिजे. पगार आणि पाणी यांत निवड करण्याची पाळी तिच्यावर कोणी आणली, हा प्रश्न त्या नाटकाने विचारावा.

नाटकाने काय होते, असे कोणी म्हणेल. नाटकाने नदी स्वच्छ होत नाही, हे मलाही मान्य आहे. पण देवलांचे 'शारदा' आठवा. ते 1899 साली आले. पैशासाठी पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणे ही तोवर घरगुती बाब होती. नाटकाने ती चारचौघांत बोलण्याची बाब केली. बालविवाहाला आळा घालणारा कायदा 1929 साली झाला. त्याला शारदा कायदा म्हणतात ते हरबिलास सारडा यांच्या नावावरून, नाटकावरून नव्हे. तरी मराठी घरांत ते नाव ऐकून देवलांची शारदा आठवली नाही असे कसे म्हणावे? तीस वर्षे लोक ज्या गोष्टीवर बोलत होते, तिच्यावर कायदा झाला तेव्हा तो कोणाला आकाशातून पडल्यासारखा वाटला नाही. मामा वरेरकरांनी 1916 साली 'हाच मुलाचा बाप' लिहून हुंड्याचे तेच केले. पाण्याचेही आज असेच आहे. आपण ते गाळतो, उकळतो, यंत्र बसवतो, बाटली आणतो आणि गप्प बसतो. घरातल्या घरात उरकलेला हा खर्च आणि हे श्रम कोणी मोजीत नाही. ते चव्हाट्यावर आणणे हे नाटकाचे काम.

म्हणून मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते. पहिली, विद्यापीठाच्या नाट्यविभागातील विद्यार्थ्यांना या वर्षी आपल्याकडे प्रयोगाला बोलवावे. ठाण्याला मासुंद्याच्या काठी गडकरी रंगायतन आहे, कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे. पण या नाटकाला आपल्या आळीचे मैदान आणि दिवसाचा उजेडही पुरेल. दुसरी, प्रयोगानंतर अर्धा तास कोणी उठू नये. चर्चा व्हावी, आणि कारखान्यात काम करणाऱ्या घरांतील भगिनींना आधी बोलू द्यावे. तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नाटक लिहिण्याआधीच त्या मुलांनी आपल्याकडे यावे. नदीवर कपडे धुतलेल्या, गणपती पोचवलेल्या, वाळूत भाकरी खाल्लेल्या आजीबाई आपल्यात अजून आहेत. त्या पाण्याचा रंग आणि चव त्यांना आठवते. हे कुठल्याही ग्रंथालयात मिळणार नाही, आणि आणखी दहा वर्षांनी आपल्याकडेही मिळणार नाही.

मंडळाचे नाव घेऊन एक पत्र लिहायला किती वेळ लागतो? चिटणीसबाईंनी कागद काढावा. मजकूर सांगायला मी बसते.