आरोग्याचा विमा : निवड आणि विवेक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात साहित्य, संगीत आणि नाट्य यांवर एकाहून एक सरस व्याख्याने आपण ऐकलीत. त्या पंक्तीत विम्यासारखा रुक्ष विषय घेऊन उभे राहताना मला संकोच वाटतो आहे. मी विद्वान नाही. आयुष्य हिशेबाच्या कचेरीत गेले, आणि आज जे सांगणार आहे तेही हिशेबाचेच आहे. मात्र या हिशेबात माझ्या घरची एक चूक नोंदलेली आहे, आणि ती सांगता यावी म्हणूनच मी कार्यवाहांकडून हा विषय मागून घेतला.

पुरानी बस्तीत आपल्यापैकी अनेकांच्या चार-चार पिढ्या गेल्या. कोणी भोसल्यांच्या अमलात आले, कोणी रेल्वेबरोबर आले, कोणी शिक्षक, वकील वा कारकून म्हणून आले. महामाया देवीचे देऊळ, दुधाधारी मठ, बुढा तालाब आणि पलीकडचा तात्यापारा एवढ्या टापूत आपले जग सामावलेले होते. घरात कोणी आजारी पडले की वैद्य किंवा डॉक्टर घरी येत, शेजारच्या काकू पेज करून आणीत आणि रात्रीच्या जागरणाला आळीतली मुले पाळीपाळीने बसत. पैशाची अडचण आली तर भिशी होती, मंडळातले स्नेही होते. माझ्या मते तोच आपला पहिला आरोग्यविमा. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याने त्यातून उचलावे, हे विम्याचे तत्त्व आपल्या आजींना कोणी शिकवावे लागले नव्हते.

परंतु काळ पालटला. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा साता समुद्रांपलीकडे गेली. हृदयाच्या शस्त्रक्रियेचा किंवा कर्करोगाच्या उपचारांचा खर्च भिशीच्या आवाक्यात राहिला नाही. आपल्या देशात सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली झाले आणि त्या सरकारी कंपन्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ ही योजना आणली. २००० सालानंतर खासगी कंपन्यांना दार उघडले. आज पर्याय इतके आहेत की माणूस गोंधळून जातो आणि शेवटी जो एजंट घरी येऊन गोड बोलतो, त्याच्या कागदावर सही करतो.

आम्हीही तेच केले. २००९ सालची गोष्ट. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यांचा अर्ज मी भरला, कारण घरात कागदपत्रांचे काम माझ्याकडे. ‘पूर्वीचा काही आजार आहे काय?’ या रकान्यापाशी माझी लेखणी थांबली. अण्णांना दहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू होती. समोर बसलेला एजंट म्हणाला, “साहेब, एवढेसे कशाला लिहिता? हप्ता वाढेल.” मी ‘नाही’ असे लिहिले. अण्णांनी माझ्यावर विसंबून सही केली.

आठ महिन्यांनी त्यांना नागपूरला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी न्यावे लागले. तेथे दाखल करताना डॉक्टरांनी विचारले आणि अण्णांनी सरळपणे सांगितले, ‘दहा वर्षांपासून रक्तदाब आहे.’ ते वाक्य केसपेपरवर आले. कंपनीने दावा नाकारला, पॉलिसीही रद्द केली. वहिनींच्या पाटल्या गेल्या आणि मुलीच्या लग्नासाठी राखलेला भूखंड गेला. अण्णा बरे झाले, पुढे अनेक वर्षे जगले. पण त्यानंतर कोणतीही कंपनी त्यांना दारात उभे करीना. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

खरे लिहिले असते तर काय झाले असते, याचा हिशेब मी पुष्कळदा मांडला आहे. हप्ता वाढला असता. जुन्या आजाराच्या प्रतीक्षाकालामुळे त्या शस्त्रक्रियेचे पैसे कदाचित तरीही मिळाले नसते. परंतु ते आम्हांला आधीच ठाऊक असते, आम्ही वेगळी तजवीज केली असती, आणि पॉलिसी शाबूत राहून पुढच्या वर्षांत अण्णांच्या उपयोगी पडली असती. खोट्या भरवशाने माणूस जास्त बुडतो. म्हणून माझा पहिला आग्रह असा : अर्ज स्वतः वाचा, स्वतः भरा आणि गोळीचे नाव, वर्ष, जुनी शस्त्रक्रिया सारे लिहा. ‘एवढेसे’ असे त्यात काहीच नसते.

आता निवडीकडे वळू. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. तो पूर्वी चार वर्षे असे. सलग पाच वर्षे पॉलिसी चालल्यानंतर, सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज, माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. कंपन्यांनी सर्वसाधारणपणे किमान पासष्ट वर्षांपर्यंतच्या अर्जदारांना विमा द्यावा असा जो दंडक होता, त्यातली वयाची ती अटही गेली. पण नियम सैल झाला म्हणून वाट पाहणे शहाणपणाचे नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचा सांधा बदलणे अशा ठरावीक उपचारांनाही कित्येक पॉलिसींत प्रतीक्षाकाल असतो. तहान लागल्यावर विहीर खणणे इथे खरोखरच निरुपयोगी ठरते.

दुसरी गोष्ट खोलीभाड्याची. ही अट बारीक अक्षरांत असते आणि दावा हाती आल्यावरच कळते. समजा, तीन लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा दररोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. आपण ६,००० रुपयांची खोली घेतली आणि पाच दिवस राहिलो. भाडे ३०,०००, डॉक्टरांचे शुल्क व शस्त्रक्रियागृहाचा खर्च ८०,०००, औषधे व तपासण्या ५०,०००. एकूण बिल १,६०,००० रुपये. आपल्याला वाटते, भाड्यातला फरक पंधरा हजार तेवढा आपण भरू. तसे होत नाही. खोली दुप्पट दराची, म्हणून डॉक्टरांचे शुल्क व शस्त्रक्रियागृहाचा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा मंजूर होतो. औषधे व तपासण्या यांना ही कात्री लागत नाही. तेव्हा १५,००० अधिक ४०,००० अधिक ५०,०००, म्हणजे १,०५,००० रुपये मिळतात आणि ५५,००० आपल्या खिशातून जातात. म्हणून शक्य असेल तर खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्यावी. ते परवडत नसेल तर मर्यादा पाठ करून ठेवावी आणि त्याच दराची खोली मागावी. त्यात कमीपणा मानू नये.

तसेच ‘को-पे’ नावाची अट तपासावी. वीस टक्के को-पे म्हणजे मंजूर झालेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले वीस आपले. वृद्धांच्या पॉलिसींत ही अट हटकून आढळते. हप्ता कमी दिसतो त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

तिसरी गोष्ट रकमेची. नवरा-बायको व मुले यांना एक सामाईक पॉलिसी सोयीची पडते. परंतु त्यात वृद्ध आईवडिलांना घातले तर ज्येष्ठाच्या वयावर हप्ता चढतो आणि एकाच्या मोठ्या आजारात सर्वांची रक्कम संपते. त्यांची पॉलिसी निराळी असावी. मोठ्या रकमेचा हप्ता झेपत नसेल तर पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर ‘सुपर टॉप-अप’ असा मार्ग आहे. येथे ‘सुपर’ हा शब्द दिखाऊ नाही. वर्षात दोनदा प्रत्येकी चार लाखांचा खर्च झाला असे धरा. मूळ पॉलिसी पाच लाख देईल. पाच लाखांपुढे लागू होणारा साधा टॉप-अप एकेका दाखल्याचा खर्च स्वतंत्रपणे पाहतो. चार लाख ही रक्कम पाचाच्या आत, म्हणून तो काहीच देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज पाहतो आणि उरलेले तीन लाख देतो.

चौथी गोष्ट रुग्णालयांची, आणि ती आपल्यासारख्यांना विशेष लागू आहे. गंभीर आजारात आपली पावले अजूनही नागपूरकडे वळतात. तिथे नातलग आहेत, भाषा आहे. तेव्हा कॅशलेसची यादी पाहताना रायपूरबरोबर नागपूर आणि मुले राहतात ते शहर अशी तिन्ही गावे तपासा. महाराष्ट्र शासनाची महात्मा फुले जन आरोग्य योजना मात्र त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. आपले आडनाव मराठी असले तरी आपले रेशनकार्ड छत्तीसगडचे आहे, हे विसरून चालणार नाही.

मात्र सरकारी आधारही नजरेआड करू नये. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत स्वतंत्र कार्ड मिळते. त्यात घरातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. केंद्र शासनाच्या आरोग्य योजनेचे लाभार्थी असतील त्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावे लागते. कार्ड निरोगी असतानाच काढून ठेवावे.

मुलांच्या कंपनीच्या विम्यात आपले नाव आहे म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ वडीलधारे मला ठाऊक आहेत. मुलाची नोकरी सुटली की ते छत्रही मिटते, आणि तेव्हा आपण सत्तरीत असतो. स्वतःची लहानशी का होईना, पॉलिसी असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर माफ झाला आहे, आणि ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवण्याआधी कंपनीने नियामकाशी सल्लामसलत करावी असा आदेश २०२५ च्या जानेवारीत निघाला आहे. सध्याची कंपनी पसंत नसेल तर २०११ पासून ती बदलण्याची सोय आहे. प्रतीक्षाकालाची पूर्ण केलेली वर्षे वाया जात नाहीत. मात्र अर्ज नूतनीकरणाच्या किमान पंचेचाळीस दिवस आधी करावा आणि नवी पॉलिसी हाती पडेपर्यंत जुनी मोडू नये.

इतके करूनही दावा अडला तर? प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या राज्याचे लोकपाल कार्यालय भोपाळला आहे. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. आम्हांला त्या वेळी जाता आले नाही, कारण आमची बाजूच खरी नव्हती. ज्याचा अर्ज खरा आहे, त्याने मात्र भिऊन घरी बसू नये.

मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. दर महिन्याच्या एका रविवारी, सायंकाळी दोन तास, वाचता-लिहिता येणाऱ्या चार तरुणांनी इथे बसावे आणि ज्येष्ठांच्या पॉलिसी त्यांना मराठीतून समजावून द्याव्यात. कोणतीही कंपनी सुचवू नये, काही विकू नये. केवळ वाचून दाखवावे. रात्री जागरणाला येणारी ती आळीतली मुले आता राहिली नाहीत. त्यांच्या जागी निदान एवढे तरी आपण करू शकतो. पहिल्या रविवारी चष्मा घेऊन मी येईन, आणि त्या एका रकान्यावर बोट ठेवून प्रत्येकाला विचारीन, ‘इथे खरे लिहिले आहे ना?’

 सर्वांना निरामय आयुष्य लाभो आणि हप्ते भरूनही दावा करण्याची वेळ कोणावर न येवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.