नाक्यावरच्या बायका कुठे गेल्या?

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘आठवणी’ असा विषय दिला की आपण लगेच हळव्या होतो. जुनं गोरेगाव किती छान होतं, मोकळं होतं, असं बोलायला लागतो. माझं काम त्याच्या उलट आहे. स्टेशनच्या पश्चिमेचा बाजार आणि एस. व्ही. रोडचा नाका या भागातल्या बायकांशी मी गेली काही वर्षं बोलते आहे. त्यांच्या आठवणी मी पुरावा म्हणून जमवते. कसला पुरावा, ते पुढे येईलच.

एक साधा प्रयोग आम्ही केला. कागदावर नाका काढला आणि बायकांना म्हटलं, तुम्ही कुठे थांबत होता तिथे खूण करा. साठी-सत्तरीच्या बायकांनी भराभर खुणा केल्या. पहाटेचं दूधकेंद्र, तिथे आरेच्या काचेच्या बाटल्या, अ‍ॅल्युमिनियमची बुचं, हातात दुधाचं कार्ड. रेशनचं दुकान. रॉकेलची रांग. सार्वजनिक नळ. एक आजी म्हणाल्या, “अगं, सासूच्या परवानगीशिवाय घराबाहेर पडायची जागा म्हणजे रांग!” आम्ही सगळ्या हसलो, पण त्या खरं बोलत होत्या. रांगेत उभं राहायला कारण लागत नव्हतं. मारहाण होत असेल तर ती गोष्ट पहिल्यांदा रांगेतच कोणाच्या तरी कानावर जायची.

गोरेगावच्या मृणालताई गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत, ते उगीच नव्हे. 1972 मध्ये महागाईविरोधात मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते यांच्यासोबत हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या बायका एका रात्रीत आल्या नाहीत. त्या आधीपासून नळावर आणि रेशनच्या रांगेत एकमेकींना ओळखत होत्या. संघटनेच्या इतिहासात आपण नेत्यांची नावं लिहितो. रांगेचं नाव कोणी लिहीत नाही. आज मृणालताईंच्या नावाचा उड्डाणपूल गोरेगावात आहे. आनंद आहे. पण पूल वाहनांसाठी असतो.

नंतर त्याच कागदावर तिशीतल्या मुलींना खुणा करायला सांगितल्या. त्यांनी रिक्षाची जागा दाखवली, एक-दोन दुकानं दाखवली, आणि पेन खाली ठेवलं. “ताई, आम्ही थांबत नाही, आम्ही जातो.” दूध पिशवीतून दारात येतं, गॅस घरी येतो, नळ घरात आला. हे सगळं चांगलंच झालं. पहाटे चारला हंडा घेऊन उभं राहण्यात काही सौंदर्य नव्हतं. मॉल आले, 2022 आणि 2023 मध्ये टप्प्याटप्प्याने पूर्वेला आणि पश्चिमेला मेट्रो आली. सोय वाढली, बसायची जागा मात्र कमी झाली. नाक्यावर बाईने अर्धा तास नुसतं उभं राहिलं तर आजही लोक वळून बघतात. पुरुष पानाच्या टपरीशी दोन तास उभा असतो, त्याला कोणी विचारत नाही.

पण नाक्यावर थांबणाऱ्या बायका अजून आहेत. त्या विकायला बसतात. आरेच्या पाड्यांवरून आदिवासी बायका पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळं, कर्टोली घेऊन येतात, दसऱ्याला आंब्याचे टहाळे आणतात. यातल्या काहींच्या सासवाही इथेच बसत होत्या. दुकानांची नावं दहादा बदलली, या बायकांची जागा हातभर इकडेतिकडे झाली, एवढंच.

आता पुराव्याकडे येते. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात ‘नैसर्गिक बाजार’ ही कल्पना आहे. जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले, ती जागा. ती परंपरा ठरवायची कशावरून? सरकारी नकाशात ती नसते. ती असते या मावशीच्या आणि तिच्याकडून भाजी घेणाऱ्या शेजारणीच्या आठवणीत. म्हणून वर्ष, जागा, वेळ, काय विकत होत्या, हे सगळं लिहून घ्यायला हवं. याच कायद्याप्रमाणे शहर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात आणि त्यांच्यात एकतृतीयांश बायका. कागदावर हे उत्तम आहे. पण मुंबईत 2014 ला पाहणी झाली तेव्हा सुमारे 99 हजार अर्ज आले आणि छाननीत पात्र ठरले साधारण 15 हजार. अधिवासाचा दाखला मागितला गेला. जिचं रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर, वीजबिल घरमालकाच्या नावावर, तिने दाखला कुठून आणायचा? शिवाय पाहणी करणारे ज्या वेळी येतात त्या वेळी गाडीशी जो उभा असेल त्याचं नाव लागतं. मावशी पहाटेपासून बसते, दुपारी स्वयंपाकाला घरी जाते, तेव्हा नवरा किंवा मुलगा बसतो. धंदा तिचा, नाव त्याचं. आपल्याला शेतीत सातबाऱ्यावर जे दिसलं तेच इथे फुटपाथवर दिसतं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर आपण आपल्यालाच फसवू. फुटपाथ मोकळा करा म्हणून तक्रारअर्जावर सह्या करतात त्यात बायकाही आहेत. गुडघे दुखणारी आजी, बाळ कडेवर घेतलेली सून. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. त्या अरुंद जिन्याबद्दलच्या तक्रारी जुन्या होत्या, पण राग निघाला फेरीवाल्यांवर. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने स्टेशनपासून 150 मीटरच्या आत विक्रीला मनाई केली. त्या आजीला चालायला जागा हवी आणि मावशीला बसायला, या दोन्ही मागण्या आपल्याच आहेत. दोघींना एकमेकींविरुद्ध उभं करून मधला रस्ता गाड्यांच्या पार्किंगला देतात, त्याबद्दल कोणी अर्ज करत नाही. आम्ही दोन्ही गटांना एकदा एकत्र बसवलं. पहिली वीस मिनिटं भांडण झालं. मग कळलं की दोघींची एक तक्रार तंतोतंत सारखी होती: या बाजारात बायकांना जायला स्वच्छ मुतारी जवळ नाही. मावशी दिवसभर पाणी पीत नाहीत, आजी बाजारात यायचंच टाळतात.

माल उचलून नेला तर काय करायचं, हे बऱ्याच जणींना माहीत नाही. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि बाकीचा माल दोन कामाच्या दिवसांत, ठरलेली फी घेऊन परत द्यायला हवा, असं कायदा म्हणतो. जप्तीची यादी मागा, सहीसकट. दंडाच्या जुन्या पावत्या फेकू नका. त्या जागेवर तुम्ही होतात, याचा तो दाखला आहे.

मंगळवारपासून आम्ही नाक्यावर नोंदी घ्यायला बसणार आहोत. सकाळी सहा ते आठ, कारण पाड्यावरच्या मावशी नऊला उठून परत जातात. एक वही मोठ्यांच्या आठवणींची, एक आताच्या विक्रीची. दोन जणी लिहायला आणि एक बोलायला लागेल. ज्यांना जमेल त्यांनी जाताना माझ्याकडे नाव द्या, आणि घरून पाट किंवा गोणपाट आणा, तिथे बसायला काही नाही.