यकृताचा आजार आणि रक्तातली साक्ष



कावीळ झाली, की आपल्याकडे आधी पाण्याला दोष दिला जातो, मग दारूला. पण काही रुग्णांच्या बाबतीत यांतले काहीच लागू पडत नाही. बहुतेकदा ती बाई असते. कित्येक महिने थकवा, एसजीपीटी हे यकृताचे एन्झाइम वाढलेले, हिपॅटायटिस 'बी' आणि 'सी' निगेटिव्ह. तिची प्रतिकारशक्तीच तिच्या यकृतावर उलटलेली असते. हा ऑटोइम्यून हिपॅटायटिस. तो ओळखायला रक्तातल्या अँटीबॉडीज, म्हणजे प्रतिपिंडे, मदत करतात.

ही तपासणी पाहण्यासारखी असते. उंदराच्या यकृताचे, मूत्रपिंडाचे आणि जठराचे पातळ काप काचपट्टीवर ठेवतात. त्यांवर रुग्णाच्या रक्तातला द्रव, सीरम, पातळ करून सोडतात. मग चमकणारा रंग जोडतात आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात. पेशींची केंद्रके हिरवी उजळली तर एएनए, म्हणजे केंद्रकाविरुद्धची अँटीबॉडी; जठराच्या स्नायूंचा थर उजळला तर स्मूथ मसल अँटीबॉडी. मूत्रपिंडाच्या नलिका लखलखल्या, तर एएमए, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाविरुद्धची अँटीबॉडी, असण्याची शक्यता मोठी.

या एएमएची गोष्ट सांगितलीच पाहिजे. पित्ताच्या बारीक नलिका हळूहळू नष्ट करणारा पीबीसी (प्रायमरी बिलियरी कोलांजायटिस) नावाचा आजार आहे. अंगाला असह्य खाज सुटते. पूर्वी नलिकेत अडथळा आहे का, हे पाहायला अशा रुग्णांचे पोट उघडावे लागे. 1965 मध्ये लंडनमध्ये वॉकर, डोनियाक, रॉइट आणि शीला शेरलॉक या संशोधकांनी दाखवून दिले, की या रुग्णांच्या रक्तात एएमए सापडते. पीबीसीच्या शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांत ती असते. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम सतत वाढलेले आणि एएमए पॉझिटिव्ह असेल, तर बहुधा सुईने यकृताचा तुकडाही काढावा (बायोप्सी) लागत नाही. केवढ्या यातना वाचल्या!

एएनएचे मात्र तसे नाही. चाळीसपट पातळ केलेल्या सीरममध्ये ती जवळजवळ एक तृतीयांश निरोगी माणसांतही दिसते. म्हणून नुसता 'पॉझिटिव्ह' शब्द वाचून घाबरणे चूक, आणि त्यावर स्टिरॉइड सुरू करणे त्याहून मोठी चूक. उलट, ऑटोइम्यून हिपॅटायटिस खरोखर असूनही काहींच्या रक्तात ओळखीची प्रतिपिंडे मिळत नाहीत. म्हणून त्याच्या निदानाच्या 2008 च्या सोप्या निकषांत प्रतिपिंडांबरोबर आयजीजी या रक्तातल्या प्रथिनाची पातळी, बायोप्सी आणि विषाणू नसल्याची खात्री, या चारही गोष्टींना गुण दिले आहेत.

औषधांनीही असाच देखावा उभा राहतो. कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतली यकृताची इजा 2021 मध्ये नोंदवली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. तो वाद असो; पण काढे, चूर्णे, गोळ्या जे काही घेत असाल ते डॉक्टरांपासून लपवू नका. निदान त्यावर फिरू शकते.

रिपोर्ट हातात आला, की टायटर (सीरम किती पातळ केल्यावरही प्रतिपिंड दिसते) किती, आयजीजी किती, बायोप्सी लागेल का, हे निःसंकोच विचारा. ऑटोइम्यून हिपॅटायटिस ठरला तर प्रेडनिसोलोन आणि अझाथायोप्रिनने बहुतेकांचे यकृत सावरते. आणि बरे वाटले म्हणून या गोळ्या आपल्या मनाने कधीही बंद करू नका.