मूत्राशयाचा कर्करोग : निवड कोणी करावी?



बडनेरा जंक्शनच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांत तपासण्यांच्या अहवालांची पिशवी सांभाळीत बसलेले एखादे कुटुंब बहुधा दिसतेच. कोणी नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयाकडे निघालेले असते, कोणी १९४१ साली मुंबईत स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे. पिशवी मुलाच्या हाती असते. ज्यांच्यासाठी हा प्रवास, त्या वडिलांना मात्र ‘लघवीच्या जागी जरा गाठ आहे, काढली की झाले’ एवढेच सांगितलेले असते.

ही लपवालपवी प्रेमापोटी होते, यात शंका नाही. परंतु मूत्राशयाच्या कर्करोगात ती निभत नाही. मूत्राशय काढावा लागला तर पुढील सारे आयुष्य लघवीची व्यवस्था कोणती, हे ठरवावे लागते. आणि ती व्यवस्था मुलाला नव्हे, वडिलांना रात्रंदिवस सांभाळावयाची असते. चित्रपट दिग्दर्शक महेश मांजरेकर यांच्यावर २०२१ साली याच रोगाची शस्त्रक्रिया झाली. ‘अंतिम’ चित्रपटाचे काम चालू असतानाच निदान झाल्याचे त्यांनी त्याच वर्षी जाहीरपणे सांगितले. असा मोकळेपणा घराघरांत अजून यावयाचा आहे.

या रोगाची पहिली खूण फसवी असते. लघवी लाल होते, दुखत मात्र नाही. दोन दिवसांनी ती आपोआप स्वच्छही होते. वऱ्हाडातील वैशाखात ‘उन्हाळी लागली’ म्हणून धन्या-जिऱ्याचे पाणी घ्यावे आणि विसरून जावे, असे सहज घडते. वास्तविक, न दुखता एकदा जरी रक्त गेले तरी मूत्ररोगतज्ज्ञाला दाखविले पाहिजे. विडी-सिगारेट हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे. धूर फुप्फुसांत जातो हे सर्वांस ठाऊक असते. त्यातील विष मूत्रपिंडांतून गाळले जाऊन मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली की तपासणीत एकच प्रश्न महत्त्वाचा ठरतो : रोग मूत्राशयाच्या स्नायूत शिरला आहे काय? शिरला नसेल तर मूत्राशय बहुधा वाचतो. धोका अधिक असलेल्या रुग्णांत क्षयाच्या लसीचे, म्हणजे बीसीजीचे, द्रावण आरंभी आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे मूत्राशयात सोडतात. कॅनडातील डॉ. मोरालेस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला हा उपाय आजही प्रचारात आहे.

स्नायूत शिरला असेल तर, मूत्रपिंडे सक्षम असल्यास, प्रथम केमोथेरपी देऊन मग मूत्राशय काढणे ही रूढ पद्धत. पुरुषांत त्यासह प्रोस्टेट ग्रंथी व स्त्रियांत बहुधा गर्भाशयही जातो. दांपत्यजीवनावर होणारा परिणाम डॉक्टरांना आधीच विचारण्यात संकोच नको. गाठ एकच व लहान असेल आणि मूत्रपिंडाला सूज नसेल, तर गाठ खरवडून किरणोपचार व केमोथेरपी एकत्र देऊन मूत्राशय राखण्याचाही मार्ग काही रुग्णांना खुला असतो. मात्र त्यात दुर्बिणीची तपासणी कायम मागे राहते, आणि रोग उलटला तर मूत्राशय काढावाच लागतो. हा मार्ग आपल्याला लागू पडतो का, हे रुग्णाने स्वतःहून विचारावे.

आता मुख्य प्रश्न. मूत्राशय काढल्यावर लघवी जाणार कोठे?

जुना व साधा मार्ग अमेरिकन शल्यविशारद ब्रिकर यांनी १९५० मध्ये रूढ केला. लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन त्याला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात व त्याचे तोंड पोटावर उजव्या बाजूस उघडतात. तेथे पिशवी चिकटवितात. ती दिवसातून अनेकदा रिकामी करावी लागते आणि काही दिवसांनी बदलावी लागते. दुसऱ्या मार्गात आतड्याचा बराच लांब भाग शिवून गोलाकार नवा मूत्राशय घडवितात व मूळ मूत्रमार्गालाच जोडतात. पोटावर छिद्र नाही, पिशवी नाही.

ऐकताच कोणीही दुसरा मार्ग पत्करील. घरात बैठक बसते आणि ‘बाबांना पिशवी नको’ असा ठराव पाच मिनिटांत होतो. पण नव्या मूत्राशयाला भरल्याची जाणीव नसते. आरंभी दर दोन-तीन तासांनी, रात्रीही गजर लावून उठावे लागते. दिवसा ताबा बहुतेकांना काही महिन्यांत येतो. रात्रीची गळती अनेकांची टिकून राहते. काहींचा मूत्राशय पुरता रिकामा होत नाही, त्यांना स्वतःच्या हाताने नळी घालावी लागते. हात कापणाऱ्या, दृष्टी अधू झालेल्या पंचाहत्तरीच्या गृहस्थाला हे जमेल काय? मूत्रपिंडे दुबळी असतील किंवा रोग मूत्रमार्गापर्यंत पोहोचला असेल, तर हा मार्ग बंदच असतो. दोन्ही मार्गांनी गेलेल्या रुग्णांच्या समाधानाची तुलना अनेकदा झाली आहे. त्यात एक दुसऱ्याहून निर्विवाद सरस ठरलेला नाही.

आपल्या घरांतील दोन गोष्टी तज्ज्ञांना आवर्जून सांगाव्यात. पहिली उपवासाची. आतड्याचा मूत्राशय लघवीतील आम्ल पुन्हा रक्तात शोषून घेतो. पाणी कमी पडले की थकवा व मळमळ वाढते, मूत्रपिंडांवर ताण येतो. पर्युषणातील निर्जळ उपवास किंवा रोजचा चौविहार पाळणाऱ्याने हे शस्त्रक्रियेपूर्वीच बोलावे. दुसरी जीवनसत्त्व ब-१२ ची. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते आणि शाकाहारी माणसाच्या शरीरात त्याचा साठा मुळातच कमी असू शकतो. म्हणून त्याची रक्ततपासणी वेळोवेळी करावी. पिशवी लावून पूजेस बसता येईल का, हा प्रश्नही अनेकांच्या ओठांवर येऊन परत जातो. त्याचे उत्तर डॉक्टरांकडे नाही. ते रुग्णाने आपल्या गुरुमहाराजांना आधीच विचारून घ्यावे. मनातील त्या एका शंकेपायी चुकीची शस्त्रक्रिया निवडली जाऊ नये.

खर्चाचेही पाहावे लागते. २०१२ मध्ये राज्याची जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. शस्त्रक्रिया एकदाच होते, पिशव्या मात्र जन्मभर लागतात. तो मासिक हिशेब घरी आधीच मांडलेला बरा.

पिशवीचा मार्ग ठरला, तर छिद्राची जागा शस्त्रक्रियेपूर्वी पोटावर शाईने खुणावून घ्यावी. रुग्णाला उभे करून, वाकवून आणि सामायिकाला बसतो तशी मांडी घालून बसवून ती पाहावी. धोतराची गाठ, पायजम्याची नाडी, साडीच्या निऱ्या कोठे येतात, तेही दाखवावे. खूण अशा ठिकाणी हवी की ती घडीत दडणार नाही आणि रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.