मडकं वाजवून घेतो, मग स्लॅब का नाही?

 

आगोट जवळ आली. लाकडं आत गेली, कांदे टांगले, मसाला कुटून झाला. आज त्या यादीत आणखी एक काम घालूया. आपली पोरं ज्या स्लॅबखाली बसतात, तो स्लॅब कसा आहे हे बघायचं.

तुम्ही म्हणाल, हे इंजिनिअरचं काम, आपल्याला काय कळतं? पण बाजारात मडकं घेताना आपण काय करतो? बोटाने वाजवतो. खण्ण वाजलं तर घेतो, बद्द वाजलं तर ठेवून देतो. मडकं फोडून कुणी बघत नाही. आमच्या गटातल्या एक मावशी कितीतरी हंगाम वीटभट्टीवर राबल्या आहेत. त्या दोन विटा एकमेकींवर आपटतात आणि सांगतात, ही पक्की, ही कच्ची. नखाने ओरखडा उठला, तर ती वीट बाजूला. इंजिनिअर लोक काँक्रीट न फोडता तपासतात, त्याचं मूळही हेच.

आता आमच्या पाड्यावरची गोष्ट. मागच्या पावसाळ्यात अंगणवाडीच्या छताचा पोपडा पडला. पोरं हात धुवायला बाहेर गेली होती म्हणून वाचली. आम्ही तक्रार केली, तर उत्तर आलं, "गिलावा करून चुना मारून देतो." मावशी म्हणाल्या, "तडकलेल्या मडक्याला रंग दिला म्हणून त्यात पाणी राहील का?" आम्ही हटलो नाही. आधी तपासणी, मग गिलावा, असं लेखी दिलं.

तपासणीला माणसं आली, तेव्हा आम्ही शेजारी उभ्या राहून सगळं बघितलं. पहिलं यंत्र म्हणजे स्प्रिंगचा हातोडा. दांडा काँक्रीटवर दाबला की आतला ठोका बसतो आणि उलटा उसळतो. जितका जास्त उसळेल, तितका पृष्ठभाग टणक. आकडा चाळीसच्या वर गेला तर फार चांगला, तीस ते चाळीस चांगला, वीसच्या खाली वाईट. एका जागी सहा वेळा ठोकून सरासरी काढतात. त्याआधी गिलावा काढून जागा घासून घेतात. गिलाव्यावरच ठोकलं, तर ती परीक्षा गिलाव्याची झाली, काँक्रीटची नाही.

दुसरं यंत्र बघून आम्हाला सोनोग्राफी आठवली. तशीच जेल लावतात. बीमच्या एका बाजूने आवाज सोडतात, दुसऱ्या बाजूने पकडतात. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही. काँक्रीट भरीव असेल तर आवाज झटकन पोचतो; आत भेग किंवा पोकळी असेल तर त्याला वळसा घालावा लागतो, उशीर होतो. सेकंदाला साडेचार किलोमीटरपेक्षा जास्त वेग म्हणजे उत्तम, साडेतीन ते साडेचार चांगला, तीनच्या खाली शंका.

स्वयंपाकाच्या कोपऱ्यातल्या बीमवर हातोड्याने चांगला आकडा दिला होता. आम्हाला हायसं वाटलं. पण आवाजाचा वेग तीनच्या खाली आला. साहेबांनी समजावलं, जुन्या काँक्रीटची वरची कातडी हवेने टणक होते, म्हणून हातोडा फसतो. आत मात्र पाणी झिरपून सळई गंजलेली. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, स्लॅबवर पाणी साचलं तर ते आत शिरणारच.

म्हणून बायांनो, एकाच यंत्रावर भागवू नका. नुसत्या हातोड्यावरून काढलेली ताकद पंचवीस टक्क्यांपर्यंत कमीजास्त असू शकते. दोन्ही तपासण्या मागा. तरीही शंका राहिली, तर काँक्रीटचा छोटा गोल तुकडा काढून तो प्रयोगशाळेत दाबून बघतात.

आमचे बाकीचे खांब चांगले निघाले. म्हणून अख्खी इमारत पाडावी लागली नाही. तो कोपरा तेवढा दुरुस्त झाला. तोवर पोरं समाजमंदिरात बसली.

हे सगळं कशासाठी? आपल्याच रायगडात, महाडला 24 ऑगस्ट 2020 रोजी पाच मजली इमारत कोसळली. सोळा माणसं गेली. ती काही इंग्रजांच्या काळातली नव्हती. त्याच महाडजवळ 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला, एस.टी.च्या दोन गाड्या नदीत गेल्या. वरून बघून आतलं कळत नाही, हे आपल्या जिल्ह्याला फार महागात पडलेलं शिक्षण आहे.

तर या आठवड्यात एवढं करा. शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी यांच्याभोवती फेरी मारा. तांबूस डाग, सळईच्या रेषेत गेलेली भेग, फुगलेला गिलावा दिसतो का बघा. बाजूला उभं राहून लांब काठीने हलकेच वाजवा. बद्द वाजलं तर जागा लिहून ठेवा. फुगवट्याखाली उभं राहू नका, पोरांनाही बसवू नका.

मग महिला ग्रामसभेत विषय मांडा आणि तो ठरावात लिहून घ्या. तपासणी झाली, तर अहवालाची प्रत मागा. त्यात कुठल्या जागी कुठला आकडा आला, हे लिहिलेलं हवं. नुसतं "इमारत सुस्थितीत आहे" एवढ्यावर सही करू नका.

मडकं बद्द वाजलं तर आपण दुकानदाराशी भांडतो. पोरांच्या डोक्यावरच्या छतासाठीही तेवढंच भांडूया. येतो आम्ही. आगोटीची कामं सांभाळून करा.