घडी घातलेला कागद
(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



बोलायला सुरुवात करण्याआधी एक काम. दारापाशी बसलेल्या मैत्रिणीच्या हातात मी एक लांबट कागद दिला आहे. तिने त्यावर एखादी वस्तू किंवा माणूस लिहायचा आणि लिहिलेलं दिसणार नाही अशी घडी घालून कागद शेजारणीकडे द्यायचा. दुसरीने ते कसं आहे हे लिहायचं, तिसरीने कुठे आहे, चौथीने काय करतं आहे. मग पाचवीने पुन्हा पहिल्यापासून. मागचं वाचायचं नाही आणि नाव घालायचं नाही. मी बोलत असताना कागद फिरू द्या. शेवटी वाचू.

तुम्ही हसता आहात. लहानपणी चिठ्ठ्याचिठ्ठ्यांचे असले खेळ आपण सगळ्याच खेळलो आहोत. पण हा खेळ चित्रकलेच्या इतिहासात गेला. पॅरिसमध्ये र्‍यू द्यु शातो नावाच्या रस्त्यावर ५४ नंबरच्या घरात काही तरुण चित्रकार आणि कवी राहत. तिथे १९२५ मध्ये संध्याकाळी जमणाऱ्या मित्रमंडळींनी तो खेळायला सुरुवात केली. पहिल्या खेळात जे वाक्य तयार झालं त्याच्या आरंभीच ‘सुरेख प्रेत’ असे शब्द आले होते, म्हणून खेळाचं नावही तेच पडलं. पुढे शब्दांच्या जागी चित्रं आली. एकाने डोकं काढायचं, दुसऱ्याने धड, तिसऱ्याने पाय. कागद उघडला की कुणीच कल्पिलेला नाही असा प्राणी समोर उभा!

ही माणसं स्वतःला अतिवास्तववादी म्हणवत. त्यांचा पुढारी आंद्रे ब्रेतों हा वैद्यकीचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात मन बिघडलेल्या सैनिकांच्या केंद्रात त्याने काम केलं होतं आणि फ्रॉइडची पद्धत तिथे वापरून पाहिली होती. मनात येईल ते न अडवता बोलू द्यायचं, अशी ती पद्धत. तीच त्याने लिहिण्याला लावली. १९१९ मध्ये ब्रेतों आणि फिलिप सूपो ह्या दोघांनी न थांबता, न खोडता, भराभर लिहून एक अख्खं पुस्तक सिद्ध केलं. ह्यालाच स्वयंचलित लेखन म्हणतात. ज्या शहाण्यासुरत्या, शिस्तीच्या जगाने लाखो तरुण खंदकात मारले, त्या जगाच्या तर्कावर ह्या मंडळींचा विश्वास उरला नव्हता. मनातला पहारेकरी थोडा वेळ बाजूला करायचा, हा त्यांच्या सगळ्या युक्त्यांमागचा हेतू होता.

युक्त्या साध्या होत्या. माक्स अर्न्स्टने १९२५ च्या ऑगस्टमध्ये समुद्रकाठच्या एका खाणावळवजा मुक्कामात जमिनीच्या झिजलेल्या फळ्यांवर कागद ठेवून वरून शिसं घासलं. नाण्यावर कागद ठेवून आपण पेन्सिल घासायचो, तसंच. लाकडाच्या रेषांतून त्याला जंगलं आणि पाखरं दिसू लागली. ऑस्कर दोमिंगेझने १९३६ च्या सुमारास ओल्या रंगावर दुसरा कागद दाबून उचलला आणि उमटलेल्या डागांत डोंगर आणि गुहा शोधल्या. ह्यापैकी कशालाही चित्रकलेच्या शाळेचं प्रमाणपत्र लागत नाही. ज्यांच्या हाती कधी कुंचला दिला गेला नाही, अशा बायकांना ही गोष्ट जवळची वाटावी.

पण आता दुसरी बाजू. १९२४ मध्ये मॅन रे ह्याने ह्या गटाचा काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. मध्यभागी टाइपरायटरपुढे एक तरुणी बसली आहे. भोवती पुरुषांचं कोंडाळं. एक जण जागेपणीची स्वप्नं बोलतो आहे आणि ती टाइप करते आहे. ही सिमोन कान, ब्रेतोंची तेव्हाची बायको. चित्रांची उत्तम पारख असलेली बाई. पुढे तिने पॅरिसमध्ये स्वतःचं चित्रदालन चालवलं. घडीच्या कागदाचा खेळ ती खेळली होती आणि त्याच्या आठवणीही तिने लिहून ठेवल्या. पण फोटोत तिचं काम काय? इतरांची स्वप्नं उतरवून घेणं! आपल्या सभांचे वृत्तान्त कोण लिहितं, हे आठवून पाहा.

आणखी एक पान पाहा. त्यांच्या मासिकाच्या डिसेंबर १९२९ च्या अंकात रने माग्रितचं एक चित्र छापलं आहे. मधे एक नग्न स्त्री, आणि जंगलात लपलेली ही मला दिसत नाही अशा अर्थाचं वाक्य, ज्यात ‘स्त्री’ ह्या शब्दाच्या जागी तिचं चित्र आहे. चौकटीभोवती गटातल्या सोळा पुरुषांचे फोटो, सगळ्यांचे डोळे मिटलेले. त्यांच्या दृष्टीने तो स्त्रीचा गौरव होता. स्त्री म्हणजे स्वप्न, गूढ, प्रेरणा. पण डोळे मिटून पाहिलं की समोरची खरी बाई दिसत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. १९२८ मध्ये ह्याच मंडळींनी लैंगिकतेविषयी मोकळेपणाने चर्चा केली आणि तिचं टिपण छापलं. छापलेल्या त्या दोन्ही बैठकींत एकही स्त्री नव्हती!

मेरेट ओपेनहाइमचीच गोष्ट घ्या. १९३६ मध्ये, वयाच्या तेविशीच्या आत-बाहेर, तिने बाजारातून आणलेल्या कप, बशी आणि चमच्याला हरणाच्या जातीच्या जनावराचं केसाळ कातडं चढवलं. चहाची वस्तू, पण ओठाला लावायची सोय नाही. ज्या कपबश्या बायकांनी आयुष्यभर विसळायच्या, त्यांनाच अंगावर काटा आणणारं रूप तिने दिलं. ती कपबशी जगभर गाजली. पण तिला ‘केसाळ न्याहारी’ अशा अर्थाचं जे नाव चिकटलं ते ब्रेतोंने दिलेलं. वस्तू तिची आणि बारसं दुसऱ्याने केलं.

म्हणजे खेळाने मनातला पहारेकरी बाजूला केला, पण खोलीतला केला नाही. कागदावर सगळे सारखे आणि टेबलाभोवती जुनीच उतरंड.

मग बायकांनी ते खेळ टाकून दिले का? नाही. त्यांनी ते आपल्या कामाला लावले. मला सगळ्यात जवळची वाटते ती रेमेदिओस वारो. स्पेनमध्ये जन्मलेली, नाझींपासून पळून १९४१ मध्ये मेक्सिकोत पोचलेली. रंग दाबून उचलण्याची ती दोमिंगेझची युक्ती तिच्या चित्रांत धुकं, झाडं, जुन्या भिंती होऊन येते. पण डाग जसा पडला तसा ती सोडत नाही. त्यावर बारीक ब्रशाने आपली गोष्ट रचते. १९६१ च्या तिच्या एका चित्रात उंच मनोऱ्यात काही मुली बसल्या आहेत. डोक्यावर पहारा आहे आणि मुली मुकाट भरतकाम करताहेत. त्यांचं कापड खिडक्यांतून बाहेर ओघळतं आणि त्याचीच पृथ्वी होते. घरं, झाडं, पाणी, सगळं त्यांच्या सुईतून. त्यांतल्या एका मुलीने कापडाच्या घडीत, पहारेकऱ्याला दिसणार नाही अशी, आपली आणि आपल्या प्रियकराची भेट भरून ठेवली आहे. ह्या मालिकेतल्या पुढच्या चित्रात ती पळून जाताना दिसते. घडी इथेही आहे, पण ती कुठे घालायची हे त्या मुलीने ठरवलं आहे.

मेक्सिकोतच वारोची जिवाभावाची मैत्रीण होती लिओनोरा कॅरिंग्टन. युद्धकाळात स्पेनमधल्या वेड्यांच्या इस्पितळात तिला डांबलं गेलं होतं. पुरुष अतिवास्तववाद्यांनी वेडाचं कौतुक केलं. हिने ते भोगलं आणि त्यावर स्वतः लिहिलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मेक्सिकोतल्या स्त्रीमुक्ती चळवळीसाठी तिने भित्तिपत्रक केलं. त्यात ईव्ह सापाला सफरचंद परत देते आहे.

आणि आता टाइपरायटर पुन्हा येतो. क्लोद काउन आणि मार्सेल मूर ही दोन बायकांनी स्वतः घेतलेली नावं. लेखन, फोटो, कातरकाम ह्यांत आयुष्यभर एकमेकींच्या जोडीदार. १९३७ मध्ये त्या इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर राहायला गेल्या. १९४० मध्ये जर्मन फौजांनी बेट घेतलं. मूरला जर्मन येत होतं. ह्या दोघी रेडिओवर चोरून बातम्या ऐकत, त्यांची चिटोरी टाइप करत आणि गस्तीच्या गाड्यांत, सिगारेटच्या पाकिटांत, सैनिकांच्या हाती पडतील अशा जागी सोडून येत. चिटोऱ्यांवर सही असे ‘नाव नसलेला सैनिक’. त्यामुळे फौजेतलाच कुणीतरी फितुरीच्या गोष्टी करतो आहे असं वाटे. दोन प्रौढ बायका हे करत असतील अशी शंका अधिकाऱ्यांना फार उशिरा आली. जुलै १९४४ मध्ये त्यांना अटक झाली, नोव्हेंबरात मृत्युदंड सुनावला गेला. शिक्षा अमलात आली नाही. मे १९४५ मध्ये बेट मुक्त झालं आणि त्या सुटल्या.

ह्या दोन टाइपरायटरांत मला एक फरक दिसतो. नाव लपवणं वेगळं आणि नाव पुसलं जाणं वेगळं. जर्सीत नाव लपवलं होतं, ते त्या दोघींनी ठरवून. मूरच्या वाट्याला मात्र दुसरा प्रकारही आला. जोडीने केलेले फोटो पुढे कितीतरी वर्षं एकट्या काउनच्या नावावर दाखवले गेले. आपल्या बायकांच्या वाट्याला बहुतेक वेळा पुसलं जाणंच येतं. लपवण्याचा हक्क आपण कमावावा लागतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, एका चुकीतून शिकले. वस्तीतल्या आमच्या एका गटात आम्ही प्रश्नोत्तरांचा खेळ घेतला. हाही त्या मंडळींचाच. एकीने ‘अमुक म्हणजे काय?’ असा प्रश्न लिहायचा आणि दुसरीने तो न वाचता उत्तर लिहायचं. प्रश्न आला, ‘संसार म्हणजे काय?’ उत्तर निघालं, ‘तासभर उभं राहून मिळालेली एस.टी., तीही बसायला जागा नसलेली.’ बायका हसून हसून लोळल्या. मग एका प्रश्नाखाली निघालं, ‘तो झोपेपर्यंत डोक्याखाली धरून ठेवायचं विळीचं पातं.’ खोली गप्प झाली. मी अक्षर ओळखलं. आणि मला बोलल्याशिवाय राहवलं नाही. मी तिच्याकडे वळून विचारलं, “तुझ्या घरी काय चाललंय?” मदत करायचीच होती मला. ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात आली नाही, नंतरही आली नाही. जे ती घडीच्या आत सांगू शकली, ते माझ्या प्रश्नापुढे सांगू शकली नाही. नियम मीच केला होता आणि मीच मोडला.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी पाळतो. खेळाआधी नियम सगळ्यांनी मिळून ठरवायचे. कागद कुणी लिहिला हे कधीही विचारायचं नाही. मदत कुठे मिळते हे सगळ्यांना सांगायचं, एकीकडे बोट करून नाही. लिहिता न येणाऱ्या मैत्रिणींसाठी डोकं-धड-पाय हा चित्रांचा खेळ किंवा घासून उमटवण्याचा खेळ घ्यायचा. पाटा, सूप, जातं, चटई, घरातलं काहीही चालतं. कागद मोठ्याने वाचण्याचं काम दर वेळी वेगळीकडे द्यायचं. आणि ह्यातून पोस्टर किंवा पथनाट्य झालं, तर नावं घालायची की नाहीत, कुणाची आणि कशी, हे जिचं तिने सांगायचं. वृत्तान्त लिहिणारीचं नाव मात्र वृत्तान्ताखाली आलंच पाहिजे!

खेळाने नवरा बदलत नाही, कायदा बदलत नाही. त्यासाठी मोर्चे, कोर्ट, संघटना लागणारच. पण मोर्च्यात काय मागायचं, हे आधी आपल्याला आपल्याशी कबूल करावं लागतं. ती कबुली कधी कधी घडीच्या आतच जन्मते.

कागद आला वाटतं इकडे. नाही, मी नाही उघडणार. मागच्या रांगेत जी सकाळपासून एकदाही बोललेली नाही, तिच्याकडे द्या. तिची इच्छा असेल तर ती वाचेल, नाहीतर पुढे देईल. आणि कुणी काय लिहिलं, हे आपण विचारणार नाही.