एडिस्टनचा दीप : बुरूज आणि खडक

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



गोव्यात वाढलेल्या माणसाला दीपस्तंभ म्हटले की आग्वाद किल्ल्यावरील, १८६४ साली बांधलेला तो जुना पांढरा मनोरा आठवतो. १९७६ मध्ये त्याचे काम नव्या दीपस्तंभाकडे गेले. तरीही किल्ल्यावर जाणाऱ्याची पावले अजून त्याच्याकडेच वळतात. परंतु आग्वादचा मनोरा डोंगरमाथ्यावर उभा आहे. पायाखाली भक्कम भूमी असलेल्या दिव्याची चिंता वेगळी आणि भर समुद्रात, भरतीला जवळजवळ बुडून जाणाऱ्या खडकावर लावलेल्या दिव्याची चिंता वेगळी. या दुसऱ्या प्रकारच्या दिव्याची कथा समजून घ्यायची, तर इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, प्लिमथ बंदरापासून सुमारे २२ किलोमीटर अंतरावर असलेल्या एडिस्टनच्या खडकांकडे जावे लागते. त्या एका जागी आजवर चार दीपस्तंभ उभे राहिले.

पहिला उभारला हेन्री विन्स्टन्ली याने. हा गृहस्थ चित्रकार आणि यांत्रिक करामतींचा शौकीन. त्याची स्वतःची जहाजे या खडकांवर फुटली, तेव्हा त्याने येथे दिवा लावण्याचा ध्यास घेतला. १६९७ मध्ये काम चालू असतानाच फ्रेंच चाच्यांनी त्याला पकडून नेले. इंग्लंड व फ्रान्स यांचे युद्ध त्या वेळी चालू होते. तरीही चौदाव्या लुईने त्याला सोडून दिले, कारण दिवा काही एकट्या इंग्लंडच्या जहाजांसाठी लागणार नव्हता. १४ नोव्हेंबर १६९८ रोजी तो लागला. सज्जे, नक्षी, झेंडे यांनी नटलेल्या त्या मनोऱ्यावर विन्स्टन्लीचा इतका विश्वास होता की, एखाद्या प्रचंड वादळात आपण आत असावे, अशी इच्छा तो बोलून दाखवी. १७०३ च्या नोव्हेंबर अखेरीस ते वादळ आले. तो दुरुस्तीसाठी तेथेच होता. सकाळी खडकावर ना मनोरा उरला होता, ना माणूस.

दुसरा दीपस्तंभ जॉन रडयर्ड या रेशमाच्या व्यापाऱ्याचा. त्याने सारी नटवी अंगे टाकून दिली आणि आत दगडाचे वजन व बाहेर लाकडाचे गुळगुळीत आवरण, असा निमुळता मनोरा रचला. १७०८ मध्ये त्यात दिवा लागला आणि पुढे सुमारे ४७ वर्षे तो लाटांना पुरून उरला. त्याचा घात पाण्याने नव्हे, अग्नीने केला. २ डिसेंबर १७५५ रोजी दिव्याच्या खोलीनेच पेट घेतला. हेन्री हॉल हा राखणदार तेव्हा ९४ वर्षांचा होता, असे सांगतात. वर पाहून पाणी फेकत असता छताचे वितळलेले शिसे त्याच्या घशात गेले. तो हे सांगत होता, पण कोणाचा विश्वास बसेना. बाराव्या दिवशी तो वारला, आणि शवविच्छेदनात शिशाचा गोळा खरोखरच सापडला. तो गोळा आज एडिंबरोच्या संग्रहालयात आहे.

तिसरा दीपस्तंभ जॉन स्मीटनचा. वादळापुढे लाकूड हलके पडते आणि आगीपुढे टिकत नाही, हे दोन्ही धडे त्याच्यासमोर होते. त्याने दगड निवडला. बुंध्याशी रुंद आणि वर निमुळता होत जाणारा ओक वृक्षाचा आकार त्याने मनोऱ्याला दिला. सुतार फळ्यांचे दाते एकमेकांत अडकवतो, तसे त्याने दगड एकमेकांत आणि खाली खडकातही गुंतवले. पाण्यात घट्ट होणारा चुना मिळावा म्हणून त्याने नाना ठिकाणच्या चुनखडीच्या परीक्षा केल्या. ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो तिचाच चुना पाण्यातही कठीण होतो, हे त्याला आढळले. पुढील काळातील सिमेंटच्या शोधाची वाट येथूनच निघते. १६ ऑक्टोबर १७५९ रोजी या मनोऱ्यात प्रकाश पडला. तो होता अवघ्या २४ मेणबत्त्यांचा!

स्मीटनचा मनोरा सव्वाशे वर्षे उभा राहिला. नंतर मोठ्या लाटांनी तो हादरू लागला. तपासणीत जे आढळले ते मनन करण्याजोगे आहे. मनोऱ्याचा एक दगडही निखळला नव्हता; ज्या खडकावर तो उभा होता, तो खडकच समुद्राने खालून पोखरला होता. तेव्हा जेम्स डग्लस याने शेजारच्या खडकावर चौथा दीपस्तंभ बांधला आणि १८ मे १८८२ रोजी त्यात दिवा लागला. जुन्या मनोऱ्याचा वरचा भाग प्लिमथकरांनी काढून आणून आपल्या टेकडीवर पुन्हा उभारला. बुंधा मात्र इतका पक्का होता की तो तेथेच सोडावा लागला. आजही नव्या दीपस्तंभाशेजारी तो उभा आहे. बरोबर शंभर वर्षांनी, १८ मे १९८२ रोजी चौथा दीपस्तंभ स्वयंचलित झाला आणि राखणदार किनाऱ्यावर परतले. दिवा मात्र चालूच राहिला.

श्रोतेहो, या कथेत कोणीही आधीच्याला हसले नाही. प्रत्येकाने आधीच्याचा पराभव नीट वाचला आणि तेथून पुढे बांधकाम केले. परंतु तिचा खरा धडा स्मीटनच्या मनोऱ्यात आहे. आपण पाहतो तो मनोरा, मोजतो ती त्याची उंची आणि रंगवतो त्या त्याच्या भिंती. खालचा खडक पाण्याखाली असतो, म्हणून त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

शंभर वर्षांच्या ग्रंथालयाची इमारत भक्कम असते, कपाटे भरलेली असतात, दाखलनोंदींत चूक सापडत नाही. ते ज्या खडकावर उभे असते, तो खडक म्हणजे वाचक. महाराष्ट्राबाहेर तर मराठी वाचकाच्या घरातील पुढची पिढी मराठी अक्षर ओळखते की नाही, यावर सारा भार असतो. प्लिमथच्या टेकडीवरील मनोरा आज सुस्थितीत आहे, लोक तिकीट काढून वर जातात आणि समुद्र पाहतात. पण त्याच्या आधाराने आता एकही जहाज मार्ग काढीत नाही. शताब्दीच्या निमित्ताने भिंतींना रंग अवश्य द्यावा. त्याच वेळी ओहोटी पाहून एकदा खाली उतरावे आणि खडकही हाताने चाचपून पाहावा.